कपाटाची किल्ली कुणाकडे?

शाळेचा चार्ज देणं-घेणं हा अख्ख्या दिवसाचा उद्योग असतो. बदलीचा आदेश आला की जुने मुख्याध्यापक नव्यांना घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरतात आणि यादीवर खुणा होत जातात. सतरंज्या, घंटा, लोखंडी खुर्च्या, पोषण आहाराची पातेली, गणितपेटी, कधीचा बंद पडलेला संगणक. हे सगळं तासाभरात उरकतं. वेळ लागतो तो पुस्तकांच्या कपाटापाशी. दाखल नोंदवहीतला क्रमांक आणि पुस्तकाच्या आतल्या पानावर शाईनं घातलेला क्रमांक जुळवून पाहायचा, जुळला की पुढचं पुस्तक. नोंदीत ४१२ असतील तर कपाटात ४१२ भरायला हवीत. तीन कमी भरली की दोघांचीही तोंडं उतरतात. त्या तीन पुस्तकांचं काय झालं हे आता कुणीतरी कागदावर सांगायचं असतं. खिशातले पैसे भरून प्रकरण मिटवणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

ही वेळ येऊ नये म्हणून एकच खात्रीचा उपाय आहे. कपाट उघडायचं नाही.

मी माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. या अंकाच्या संपादकांनी ‘गावातलं पुस्तक’ हा विषय कळवला, तेव्हा डोळ्यांसमोर आधी ते कपाट आलं. पुस्तकं कमी आहेत, मुलं मोबाइलला चिकटली आहेत, पालकांना आवड नाही, ही कारणं आपण नेहमी ऐकतो आणि त्यांत तथ्यही आहे. पण गावात येऊन पोचलेल्या पुस्तकाचं पुढे काय होतं, ते कुणाच्या हाती जातं, परत येतं का, फाटलं तर त्याचं काय करतात, याकडे फारसं कुणी पाहत नाही. म्हणून यंदा सुट्टीच्या दिवशी, कधी केंद्राच्या, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेहून परतताना, मी आसपासच्या शाळा आणि वाचनालयं पाहत फिरले. ‘पुस्तकांचं गाव’ भिलारलाही जाऊन आले.

एका कपाटातल्या योजना

जुन्या प्राथमिक शाळेचं कपाट नीट पाहिलं तर सरकारच्या योजना ओळीनं दिसतात. तळाच्या कप्प्यात खडू-फळा मोहिमेतली पुस्तकं. ही मोहीम १९८७ साली सुरू झाली. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा संच द्यायचं तेव्हा ठरलं होतं आणि त्या संचात वाचायची पुस्तकंही होती. वरच्या कप्प्यात सर्व शिक्षा अभियानातली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींसकट सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, असं परिशिष्टातच लिहून टाकलं. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आलं आणि ग्रंथालयासाठी वेगळं अनुदान सुरू झालं. प्राथमिक शाळेसाठी ते वर्षाला पाच हजार ठरलं. पाहून-निवडून घेतली तर एवढ्या पैशांत रंगीत चित्रांची बऱ्यापैकी पुस्तकं येतात.

म्हणजे पुस्तकं येतच नाहीत असं नाही. कशी येतात ते पाहायला हवं. एका शाळेतलं कपाट मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी उघडलं. बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या की दार दोघांनी मिळून ओढावं लागलं. आत थोर पुरुषांची चरित्रं, निबंधमाला, बोधकथा, सुविचारसंग्रह. बारीक टाइप, एकही चित्र नाही, काही पुस्तकांच्या पाच-पाच प्रती. शाळा चौथीपर्यंतची. सात वर्षांचं मूल ही पुस्तकं हातात घेऊन काय करणार होतं? पुस्तक निवडणाऱ्यानं ते मूल डोळ्यांपुढे आणलंच नव्हतं. वर याद्या तयार झाल्या, खाली गठ्ठे आले, शिक्के बसले, दार लागलं.

याउलट माझ्या ओळखीचे दोन शिक्षक पुण्याला गेले की वाट वाकडी करून अप्पा बळवंत चौकात जातात. दुकानात उभ्या उभ्या पानं चाळतात, अक्षराचा आकार पाहतात, ओळी किती आहेत ते मोजतात. त्यांच्या शाळेत ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं दिसली, नॅशनल बुक ट्रस्टची दिसली, प्रथम बुक्सची दिसली. प्रथम बुक्सच्या पाठीवर वाचनाची पातळी छापलेली असते, पहिली ते चौथी. वरवर साधी वाटणारी ही सोय फार कामाची आहे. तिसरीतलं एखादं मूल अजून पहिल्या पातळीवर असेल तर त्याला त्याच्या वयाचं पण सोपं पुस्तक देता येतं, आणि चारचौघांत त्याची मान खाली जात नाही.

‘किशोर’ मासिकाचं नाव इथेच घ्यायला हवं. बालभारतीनं ते १९७१ साली सुरू केलं. मी पाहिलेल्या शाळांमध्ये सगळ्यात मळलेलं, कोपरे दुमडलेलं, म्हणजेच सगळ्यात वाचलेलं जे काही होतं, त्यात ‘किशोर’चे जुने अंक आघाडीवर होते. मासिक असल्यानं ते कपाटातल्या पुस्तकांच्या यादीत धरत नाहीत. त्यामुळे ते मुलांच्या हाती द्यायला कुणी घाबरत नाही.

म्हशीला वाचून दाखवलं

डोंगराच्या कडेला एक द्विशिक्षकी शाळा आहे. पट तिशीच्या आत. व्हरांड्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधली आहे आणि तिच्यावर पुस्तकं मधोमध उघडून अडकवली आहेत. दोरी इतक्या खाली आहे की पहिलीतल्या मुलालाही हात उंचवावा लागत नाही. कुलूप नाही, किल्ली नाही. शाळा सुटताना मुलं येतात, दोन-चार पुस्तकं उलटीसुलटी करून पाहतात आणि एक घेऊन जातात.

नोंद ठेवते चौथीतली एक मुलगी. शाळेच्या मंत्रिमंडळात ती वाचनमंत्री आहे. दोनशे पानी वही, पट्टीनं आखलेले रकाने: नाव, पुस्तक, नेलं, आणलं. इथवर सगळ्याच शाळांत असतं. या वहीत पाचवा रकाना आहे, ‘कुणाला वाचून दाखवलं’. मी तिथे बसून वही वाचली. आजी. आजी. धाकटा भाऊ. आई भाकरी करताना. कुणालाच नाही. आजोबांना, झोपले. एका ओळीत तिसरीतल्या मुलानं लिहिलं होतं, म्हशीला. शाळेतल्या बाईंनी ते खोडलं नव्हतं आणि खाली लाल शाईनं शेराही मारला नव्हता. विचारलं तर त्या म्हणाल्या, “त्याच्या घरी संध्याकाळी दुसरं कोण असतंय? आईबाप रानात. तो म्हशीपाशी बसतो धार काढेस्तोवर. मोठ्यानं वाचतो, हे काय कमी आहे?”

पाचवा रकाना फार विचारपूर्वक घातलेला आहे. घरात वाचता येणारं माणूस नसलं तरी ऐकणारं असतंच. ऐकणारं समोर असलं की मूल अडलं तरी थांबत नाही. अंदाजानं पुढे जातं, चित्र दाखवतं, गोष्ट आपल्या बोलीत सांगून मोकळं होतं. त्या घरांतल्या कितीतरी आज्यांनी छापील गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा नातवाच्या तोंडून ऐकली असेल.

मी तिथे असतानाच एक मुलगा पुस्तक परत घेऊन आला. पानं फुगलेली, कडा काळपटलेल्या.

“बाई, पावसात भिजलं. चुलीम्होरं वाळवलंय.”

“वाचलंस का?”

“व्हय. कासव लई हुशार हाय त्यातलं.”

बाईंनी पुस्तक उलटसुलट केलं, दोन पानं चिकटली होती ती पट्टीनं सोडवली आणि पुन्हा दोरीवर अडकवलं. पोराला बोल लावला नाही. तो लगेच दुसरं पुस्तक शोधायला लागला. त्या क्षणी त्याला रागावलं असतं तर पुस्तक नेणं हे संकट आहे, एवढं तो शिकला असता. गरिबाघरचं मूल नुकसानीला फार घाबरतं. वस्तू मोडली की मार बसतो हे त्याला घरून माहीत असतं. त्यामुळे ‘जपून वापर हं’ हे आपलं वाक्य त्याच्या कानात ‘नेऊच नको’ असं उतरतं.

मिनिटाला किती शब्द

पुस्तक हाती आल्यावर ते वाचता यायला हवं, आणि हे काम सोपं नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, आता मूल वाचेल. वर्गात असं होत नाही. मूल ‘क’ ओळखतं, ‘म’ ओळखतं, ‘ळ’ ओळखतं, पण ‘कमळ’ वाचताना तीन सुटी अक्षरं म्हणतं आणि शेवटी माझ्या तोंडाकडे पाहतं. अक्षरांना चिकटून शब्द होतो आणि शब्दाला अर्थ असतो, हे आतून कळायला काही मुलांना आठवडा लागतो, काहींना वर्ष. मग काना, वेलांट्या, उकार. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. त्यानंतर जोडाक्षरं. दुसरीतलं पोर इथपर्यंत गाडी हाकत येतं आणि ‘रस्त्यावर’ या शब्दाशी अडतं.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. दुसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचावेत आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६०, असं त्यात अपेक्षित आहे. आम्ही मोबाइलवर वेळ लावून हे तपासतो. तपासणं मला मान्य आहे. शब्दाशब्दाशी अडणाऱ्या मुलाला वाक्याच्या शेवटी सुरुवात आठवत नाही, म्हणून वेग हवाच. पण वेग येतो तो भरपूर वाचल्यानं, आणि भरपूर वाचायला पाठ्यपुस्तक पुरत नाही. महिनाभरात धडे तोंडपाठ होतात. पोरं पानाकडे न पाहता घडाघडा म्हणतात आणि आपल्याला वाटतं, वाचतात. वाचता येतं की नाही हे न पाहिलेल्या पुस्तकावरच कळतं, म्हणून प्रत्येक वर्गाला सतत नवी, सोपी, पातळ पुस्तकं लागतात. गोष्टीची पुस्तकं हा फावल्या वेळेचा विषय आहे असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. वाचायला शिकण्याचं निम्मं काम तिथे होतं.

आमच्या भागातले वर्ग तर फारच सरमिसळ. खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. तमिळनाडूत, केरळात, बंगालात. काही घरांतली मुलं तिथल्या शाळेत दोन-तीन वर्षं काढून आजीपाशी परततात. मराठी बोलतात, पण लिपी दुसरीच शिकलेली असते. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडच्या ऊसतोड मजुरांची मुलं येतात, हातात स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड घेऊन. आली तशी उन्हाळ्याच्या तोंडावर जातात. एकाच खोलीत तिसरी आणि चौथी, त्यात ही पाखरं. पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर या सगळ्यांना कसं बसवणार? वेगवेगळ्या पातळीची पन्नास पुस्तकं जमिनीवर पसरली की प्रत्येक जण आपापल्या जागेवरून सुरुवात करतो, आणि शिक्षकाला ज्याच्याशेजारी बसायचं त्याच्याशेजारी बसता येतं.

हा वेळ मात्र शिक्षकाकडे असायला हवा. कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच शाळेबाहेरची कामं शिक्षकाला लावण्याची मुभा आहे. पण माहिती भरण्याची, फोटो चढवण्याची, लिंक पूर्ण करण्याची कामं या तिन्हींत न बसताही दिवसाचा मोठा तुकडा खातात. एका शाळेत मला मुलं पुस्तकं पसरून बसलेली दिसली आणि दोन्ही शिक्षक मोबाइलवर तक्ता भरत होते. मुलं निवांत वाचत होती हे खरं, पण अडलेल्या शब्दाला विचारायचं कुणाला?

चार ते सात

शाळेनंतर गावातलं पुस्तक असतं वाचनालयात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालयं राज्यात आहेत. पुस्तकं, सभासद, वर्तमानपत्रं, उघडण्याची वेळ यांवरून त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. खेड्यातली बहुतेक तळाच्या दोन वर्गांत. ड वर्गाचं वार्षिक अनुदान बरीच वर्षं तीस हजार रुपये होतं. २०२२ मध्ये सरकारनं ग्रंथालयांच्या अनुदानात साठ टक्के वाढ केली, त्या हिशेबानं ते अठ्ठेचाळीस हजारांवर गेलं. त्यातलं साधारण निम्मं पगाराला, उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, जागेचं भाडं. अठ्ठेचाळीस हजारांचे निम्मे भागिले बारा करून पाहा. दोन हजार रुपये महिना. एवढ्यावर खेड्यातला ग्रंथपाल रोज संध्याकाळी दार उघडतो.

मी ज्या वाचनालयात बसले, ते ग्रामपंचायतीनं दिलेल्या एका खोलीत चालतं. वेळ चार ते सात. ग्रंथपाल बाई सकाळी शिवणकाम करतात. चारला झाडलोट होते, वर्तमानपत्रं टेबलावर येतात आणि सव्वाचारला म्हातारी मंडळी हजर. आधी पावसाची बातमी, मग कांद्याचा भाव, मग निधनवार्ता. लांबट बाकावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं स्वतःचे जाडजूड मार्गदर्शक घेऊन बसतात. त्यांना वाचनालयातलं पुस्तक नको असतं, घरी न मिळणारी शांतता हवी असते, आणि ही गरज खरी आहे.

मला पाहायचं होतं ते पुढे दिसलं. साडेपाचच्या सुमारास सातवी-आठवीतल्या मुली येऊ लागल्या. एकीनं पिशवीतून जाड कादंबरी काढली. “आईची झाली. दुसरी मोठी द्या म्हणली. आन् आज्जीला जुनी देवाची, मोठ्या अक्षराची.” बायका स्वतः येत नाहीत. पारावरून, पुरुषांच्या घोळक्यासमोरून संध्याकाळी वाचनालयात जाणं अजून अवघड वाटतं. म्हणून पुस्तक मुलीच्या दप्तरातून प्रवास करतं. ग्रंथपाल बाईंनी हे ओळखलं आणि आता बचत गटाच्या मासिक बैठकीला त्या पुस्तकांची पिशवीच घेऊन जातात. हप्ते गोळा झाले की पुस्तकांची अदलाबदल. गटातली नोंद वाचनालयाच्या वहीत संध्याकाळी उतरवतात. त्यांना या कामाचा एक रुपया जादा मिळत नाही.

तिथली सगळ्यात झिजलेली प्रत ‘बनगरवाडी’ची होती. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी आधी एका दिवाळी अंकात आली आणि १९५५ साली पुस्तक झाली. आमच्याच मुलखातली, धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरची. कणा तीनदा चिकटवलेला, मुखपृष्ठ जाऊन खाकी कागद लागलेला, आणि मागच्या तारखेच्या कागदावर आणखी एक कागद डकवलेला. या गावातून शहरात गेलेली मुलं सुट्टीला आली की हे पुस्तक मागतात, असं बाई म्हणाल्या.

कुलूप नसलेलं गाव

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून आत वळलं की भिलार लागतं. ४ मे २०१७ रोजी हे ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य मराठी विकास संस्थेच्या या उपक्रमामागे वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाची कल्पना आहे. तिथे पुस्तकांची दुकानं आहेत. भिलारमध्ये पुस्तकं लोकांच्या घरांत आहेत आणि विकायला नाहीत. कुठल्या घरी कुठलं दालन ते बाहेरच्या फलकावर कळतं. कुठे कादंबरी, कुठे चरित्रं, कुठे संतसाहित्य, कुठे बालसाहित्य. चपला काढायच्या, आत जायचं, कपाटातून पुस्तक काढायचं आणि बसायचं. कुणी नाव विचारत नाही.

मी गेले तेव्हा पाऊस आणि धुकं होतं. पर्यटक नव्हतेच. ज्या घरात शिरले, तिथल्या काकू ओसरीवर स्ट्रॉबेरीच्या रोपांच्या पिशव्यांचा हिशेब करत होत्या. “बसा की, चहा टाकते,” म्हणाल्या आणि कामाला लागल्या. दीड तास मी एकटी वाचत होते. पुस्तकांची चौकशी केल्यावर त्यांनी पहिलं दुखणं सांगितलं ते ओलीचं. पावसाळ्यात पानांना बुरशी धरते, उघडीप मिळाली की पुस्तकं बाहेर काढून पुसावी लागतात. चोरीबद्दल विचारलं, तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. “कुणी नेलंच एखादं, तर वाचंलच की.”

भिलारबद्दल कौतुकाचे लेख पुष्कळ येतात, तसा आक्षेपही येतो की हे पर्यटकांसाठी आहे. मला तिथली मांडणी महत्त्वाची वाटली. पुस्तक माणसाच्या राहत्या घरात, जेवणाच्या ताटाजवळ आलं आहे, आणि घरातल्या बाईला त्याचं ओझं वाटत नाही. आपल्या शाळांमध्ये हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या काकूंशी बोलून यावं.

पेट्या

पुस्तक वाचकाच्या दारी नेण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. चार वर्षांनी, १९१० साली, अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं. शिकलेल्या माणसाला वाचायला मिळालं नाही तर तो शिकलेलं विसरतो, हे महाराजांना दिसत होतं. बोर्डन यांच्या काळात बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलंच, आणि त्याबरोबर फिरत्या पेट्या सुरू झाल्या. कुलपाच्या मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं भरून ती खेड्यात पाठवायची. तिथल्या शिक्षकानं किंवा जबाबदार माणसानं ती गावात वाटायची आणि वाचून झाली की पेटी परत. ने-आणीचा खर्च संस्थानाचा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, कच्च्या रस्त्यांच्या काळात हे चाललं.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ पासून याच मार्गानं चालला आहे. वाचकांचा गट, गटात एक ग्रंथपेटी, ठरावीक महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. या पेट्या आखाती देशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. आमच्या केंद्रात दहा-बारा शाळा आहेत. प्रत्येकीच्या कपाटात मुलांनी वाचून संपवलेली चांगली पुस्तकं आहेत, जी शेजारच्या शाळेत कुणी पाहिलेलीही नाहीत. महिन्याला शिक्षण परिषद भरते आणि सगळे एका ठिकाणी येतातच. येताना प्रत्येकानं तीस पुस्तकांची पिशवी आणायची आणि जाताना दुसऱ्याची न्यायची, याला नवा पैसा लागत नाही. तरी होत नाही, कारण एका शाळेच्या दाखल क्रमांकाचं पुस्तक दुसऱ्या शाळेत सापडलं तर तपासणीत उत्तर काय द्यायचं?

हजारी पाच

या प्रश्नाला एक उत्तर आहे आणि ते सरकारच्याच कागदात आहे. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये नव्यानं आले. त्यातला २१५ वा नियम ग्रंथालयांच्या पडताळणीचा. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी धरावं, असं तो म्हणतो. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, आणि एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हावी.

हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. हजार कशाचे मोजायचे ते पाहा. कपाटातल्या पुस्तकांचे नाहीत, वापरलेल्या पुस्तकांचे. ज्या शाळेनं वर्षात दोन हजार वेळा पुस्तकं मुलांच्या हाती दिली, तिची दहा गेली तरी ती शाळा निर्दोष. जिनं एकही दिलं नाही आणि तरी एक हरवलं, तिनं उत्तर द्यावं. नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण राज्याच्या शिक्षण विभागानं अशाच अर्थाचं एक पानी पत्रक काढलं, लहान मुलांची पुस्तकं झिजतात हे लक्षात घेऊन प्रमाण थोडं सैल केलं आणि ते प्रत्येक केंद्रप्रमुखाच्या हाती दिलं, तर एका सत्रात हजारो कपाटं उघडतील. चार्ज यादीच्या नमुन्यात ‘वर्षभरात घरी गेलेली पुस्तकं’ हा एक रकाना वाढवावा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं आधी तो आकडा विचारावा. शून्य असेल तर त्याबद्दल खुलासा मागावा.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, हा त्यांतला पहिला. ग्रंथपालाच्या प्रशिक्षणात तो पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही तो यायला हवा, आणि लेखापरीक्षकांच्या तर नक्कीच.

फाटलेल्यांचं काय? दोरीवाल्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तकांची दुरुस्ती असते. मैद्याची खळ, जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, सुई-दोरा. सुटलेली पानं मधोमध शिवून घेतात आणि कण्यावर कापडाची पट्टी लावतात. सेलोटेप लावू देत नाहीत. ती वर्षभरात पिवळी पडते आणि पान घेऊनच निघते. चौथीतली मुलं हे काम अशी मन लावून करतात की पाहत राहावं. ज्या पुस्तकाला टाके घातले, ते दुसऱ्याला देताना मूल बजावतं, “ह्याला मी शिवलंय, नीट धर.” जी पुस्तकं दुरुस्तीपलीकडे गेली त्यांची चित्रं कापून भिंतीवर येतात आणि निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून कमी करायच्या पुस्तकांच्या, यादीत नाव जातं. ती यादी बाईंनी मला आनंदानं दाखवली.

यंदाची यादी

या सत्रातल्या खरेदीसाठी मी वर्गाला विचारलं, काय हवं? फळ्यावर लिहीत गेले. विंचवाचं. खऱ्या भुताचं, पण शेवटी घाबरवणारं नको. मेंढरांचं, ज्यात कुत्रंबी हाय. कुस्तीचं. पुसेगावच्या यात्रेतल्या बैलांचं. चांद्रयानाचं, चित्रवालं. ‘राधाचं घर’सारखं, पण राधा खेड्यातली पाहिजे. एका मुलीला आईला वाचून दाखवायला भाजीच्या रोगाचं पुस्तक हवं होतं, कारण त्यांचा टोमॅटो गेला होता. गलाईवाल्यांच्या घरातला जो मुलगा गेल्या वर्षी आला, तो कधी मागून काही घेत नाही. त्यानं हळूच सांगितलं, एका पानावर तमिळ आणि समोरच्या पानावर मराठी असलेलं. ते मला स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टींतून जुळवता येईल. तिथे एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते आणि छापून घ्यायला मोकळीक आहे.

पाच मुलांनी एकाच वेळी ओरडून मागितलं ते जेसीबीवरचं. तो कसा चालतो, आत किती दांडे असतात, कुठला दांडा ओढला की काय होतं, सगळं असलेलं. त्याला मोठं अक्षर हवं आणि पानागणिक चित्र. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत विचारून झालं, अजून मिळालेलं नाही. मराठीत असं पुस्तक कुणाच्या पाहण्यात असेल, किंवा कुणी लिहायला घेणार असेल, तर संपादकांकडे कळवावं. त्यांच्याकडे माझा पत्ता आहे.